सहा तास चाळीस मिनिटांनंतरची चूक

फोन आला तेव्हा आमच्या धुळ्याच्या कॉलेजात परीक्षा चालू होती आणि मी पर्यवेक्षक म्हणून वर्गात होते. मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. शिपाई दारात येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, जळगावहून फोन शे ऑफिसात. लगेच बोलवताहेत." पलीकडे वैशाली होती, माझ्या मावसभावाची, हर्षलची बायको. "अक्का, हे गेले ओ," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "कुठे?" अजूनही कळत नाही मी तसं का विचारलं. मग वर्गात परत गेले. पेपर संपायला वीस मिनिटं होती. उत्तरपत्रिका गोळा केल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा सोबतच्या सरांनी गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला. जळगावच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि माझ्या डोक्यात तेवढं एकच चाललं होतं की चार दिवसांपूर्वी तो माझ्याशी धड बोलला होता.

चार दिवसांपूर्वी म्हणजे दवाखान्यात. आधी साधी कावीळ वाटली होती, मग लिव्हर पार गेलंय असं निघालं. सोळा दिवसांत सगळं आटोपलं. वय त्रेचाळीस. मी गेले तेव्हा तो उशाशी लावलेल्या मॉनिटरकडे मान वळवून पाहत होता. सिस्टर आल्या तर त्यांना विचारतो, "हा आकडा किती सेकंदांनी बदलतो?" त्या म्हणाल्या, "तुम्ही पडून राहा बघू." तो मला म्हणाला, "अक्का, त्यांना माहीत नाही." आणि हसला. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पण हसू तेच होतं, समोरच्याला पकडल्याचं. पाय मात्र चादरीखाली सारखे हलत होते. मी हात ठेवला तेव्हा क्षणभर थांबले, मग पुन्हा सुरू.

हे पाय लहानपणापासूनचे. चोपडा तालुक्यात मावशीची केळीची बाग होती, मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिकडे असायचो. हर्षल माझ्याहून सहा वर्षांनी लहान. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर त्याने आठव्या वर्षी खोलला होता आणि पुन्हा जोडलाही होता. मोटार चालू झाली. सगळ्यांनी कौतुक केलं. हा मात्र संध्याकाळपर्यंत विहिरीवरून हलेना. मावशीचे यजमान, त्यांना आम्ही सगळे आबाच म्हणतो, ते वैतागून म्हणाले, "चालू व्हयनी ना रे भो? मंग आते काय देखी राह्यना?" तर हा म्हणाला, "बंद पडते का ते पाहतोय." आबा हसून सगळ्यांना सांगत सुटले की हाऊ पोऱ्या एक जागे बसस नही, आणि बसलाच तर अशा कामासाठी बसतो.

डिप्लोमा करून त्याने जळगावात कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. कॉम्प्युटर जोडायचे, विकायचे, दुरुस्त करायचे. पण त्याचं नाव झालं ते मशीन पळवण्यासाठी. प्रोसेसरला कंपनीने एक वेग ठरवून दिलेला असतो. सेटिंगमध्ये शिरून तो वाढवता येतो, थोडं व्होल्टेज जास्त द्यायचं, मोठा पंखा बसवायचा, की तोच प्रोसेसर दीडपट चपळ होतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात हे मला त्याच्याकडूनच कळलं. बाविसाव्या वर्षी त्याला या गोष्टीची नशा होती. महागडं मशीन घ्यायची ऐपत नसलेल्या लोकांना तो स्वस्तातलं मशीन पळवून द्यायचा, आणि त्या मशीनवर विन्डोज सुरू झालं, अर्धा तास काही बिघडलं नाही, की त्याच्या लेखी काम फत्ते.

मग जामनेरचं प्रकरण झालं. तिथल्या एका फोटोग्राफरला, नाना म्हणायचे सगळे त्यांना, हर्षलने असंच एक मशीन जोडून दिलं. महिनाभर ते उत्तम चाललं. एका लग्नाचे सगळे फोटो नानांनी कॅमेऱ्याच्या कार्डावरून मशीनवर घेतले, कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरलं. आठवड्याने अल्बम करायला बसले तर शेकडो फोटो चिरफाळलेले. अर्धा चेहरा, खाली हिरव्या-जांभळ्या पट्ट्या. मशीन एकदाही बंद पडलं नव्हतं, एकदाही तक्रार केली नव्हती. कॉपी करताना ते अधूनमधून चुकत होतं, इतकंच. आणि त्याच आठवड्यात नवरीचे वडील हृदयविकाराने गेले होते. घरच्यांना त्यांचा शेवटचा चांगला फोटो हवा होता.

नाना म्हणाले, "कॅमेऱ्याचं कार्ड खराब निघालं असं सांगतो मी, तू काळजी करू नको." हर्षलने ऐकलं नाही. तो जामनेरला त्या घरी गेला. दहाव्याचे पाहुणे अजून ओसरीवर होते. त्याने नवरीच्या आईला सांगितलं की चूक कार्डाची नाही, माझी आहे, मी मशीन नीट न तपासता दिलं.  त्या बाईने चहा आणायला सांगितलं म्हणे आणि विचारलं, "एक तरी फोटो निंघी का भाऊ?" आठ दिवस खपून त्याने अकरा फोटो जोडून काढले. त्यातल्या एकात वडील होते, पाठमोरे, मांडवाच्या खांबाला हात लावून उभे. तोच मोठा करून त्या लोकांनी भिंतीवर लावला. हर्षलने हे मला त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर उठून गच्चीत फेऱ्या मारत राहिला. मी जेवायला हाक मारली तरी येईना.

त्या दिवसापासून तो बदलला असं मी म्हणणार नाही, कारण पाय तेच होते. पण आता मशीन पळवण्यात त्याला रस उरला नाही, ते खरंच न चुकता पळतंय की नाही हे सिद्ध करण्यात सगळा जीव अडकला. त्याच्याकडे काही प्रोग्रॅम होते. ज्यांची उत्तरं आधीपासून पक्की ठाऊक आहेत असे राक्षसी गुणाकार ते मशीनकडून करून घेतात, तास न् तास, आणि एक आकडा जरी इकडचा तिकडे झाला तरी चाचणी तिथेच थांबते. नुसतं एवढ्यावर त्याचं समाधान नसायचं. मेमरी वेगळी तपासायची. मग प्रोसेसरच्या आत गणित करणारे जे सुटे भाग असतात, कोअर, तो एकेक वेगळा तपासायचा. मग मशीनला काहीच काम न देता तसंच ठेवायचं, कारण, तो सांगायचा, काही मशीन भर कामात ठीक असतात आणि काम संपून व्होल्टेज खाली येताना कोलमडतात. गिऱ्हाईक येऊन बसायचं, "भाऊ, झालं का?" आणि हा म्हणायचा, "अजून नाही." काही लोक चिडून दुसरीकडे जायचे. वैशाली म्हणायची, "लोकांना घाई आहे तर द्या ना, बिघडलं तर आणतील परत." तो म्हणायचा, "बिघडलं ते त्यांना कळलं पाहिजे ना आधी."

घरातही तसंच. कुणी म्हणालं, आता बरं वाटतंय, की याचा लगेच प्रश्न, "किती वेळ?" आबांचा रक्तदाब नॉर्मल आला तरी किती वेळ, पुतणी पोहायला शिकली तरी किती वेळ. आम्ही त्याची चेष्टा करायचो.

आता माझ्यावर येते. लिहायला बसल्यापासून तीनदा उठले आहे, पण हे लिहिल्याशिवाय त्याच्याविषयी लिहिण्यात अर्थ नाही.

मी संख्याशास्त्र शिकवते. माझी पीएच.डी. सातपुड्याच्या पायथ्याच्या कोरडवाहू ज्वारीवर होती. पाऊस लांबला तर पेरणी किती दिवस थांबवावी, आणि थांबवण्यापेक्षा धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणं, कधी बरी, हा प्रश्न. कॉम्प्युटरवर हजारो काल्पनिक पावसाळे उभे करायचे आणि प्रत्येकात पिकाचं काय होतं ते मोजायचं. माझ्या जुन्या मशीनवर त्याला तीन महिने लागले असते आणि विद्यापीठाची मुदत डोक्यावर होती. हर्षल म्हणाला, "मी जोडून देतो, अक्का." डिसेंबरचे दिवस होते. त्याने मशीन जोडलं, वेग वाढवला आणि म्हणाला, पंधरा दिवस तपासायला लागतील. मी तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन उभी राहिले. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, "गिऱ्हाईक आहे का रे मी तुझी?" मोठ्या बहिणीचा आवाज काढला मी, तो आवाज मला काढता येतो. त्याने मशीनचं कॅबिनेट खोक्यात भरलं, बसस्टँडपर्यंत खांद्यावर घेऊन आला, आणि बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "उन्हाळ्यात मला पुन्हा पाहू दे मात्र." मी हो म्हटलं. मशीन झकास चाललं. एकोणीस दिवसांत सगळे तक्ते हातात. मार्गदर्शक सर खूश. मी प्रबंध लिहायला घेतला.

मेच्या मध्याला तो न कळवता धुळ्याला आला. सकाळी दहाला त्याने माझ्या खोलीत चाचणी लावली आणि स्वतः बाजूला पाट घेऊन बसला. बसला म्हणजे, उठला, पाणी प्याला, पुन्हा बसला, कॅबिनेटला हाताची मागची बाजू लावून पाहिली. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी एका कोअरने गुणाकार चुकवला. लाल अक्षरांत एक ओळ आली, बाकीचे कोअर आपले चालूच. सहा तास चाळीस मिनिटं. हर्षलने ती वेळ लिहून घेतली आणि मग मला विचारलं, "तू एकोणीस दिवस चालवलंस ना?"

मी म्हटलं, ती थंडी होती. तो म्हणाला, असेलही. मी म्हटलं, आकडे सगळे बरोबर वाटतात, सरांनी पाहिलेत. तो म्हणाला, "वाटतात." मग मी नको ते बोलले. म्हटलं, "तुला कशाचंच खरं वाटत नाही, हर्षल. वैशाली कशी राहते तुझ्याबरोबर देव जाणे." त्याने कॅबिनेटचं झाकण लावलं, चारही स्क्रू घट्ट केले, माझ्या प्रोग्रॅमची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि साडेपाचच्या बसने गेला.

मला वाटलं, संपलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पायथ्याच्या एका गावात शेतकऱ्यांचा मेळावा होता, तिथे मी माझे निष्कर्ष सांगणार होते. एका पानाचं पत्रक छापून तयार होतं. मेळाव्याच्या आदल्या दिवशी हर्षल दारात. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. दुकानातली पाच मशीन कंपनीच्याच वेगावर आणून, गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून, माझी सगळी गणितं त्याने त्या पाचांवर वाटून पुन्हा करवली होती. प्रत्येक गणित दोन वेगवेगळ्या मशीनवर. तक्त्यांचा गठ्ठा त्याने टेबलावर ठेवला. एक सोडून सगळे तक्ते माझ्याशी जुळत होते. न जुळणारा नेमका तो होता ज्याच्यावर माझं पत्रक उभं होतं. हलक्या जमिनीत पाऊस लांबला तर थांबा, असं माझा तक्ता म्हणत होता. त्याच्या दोन्ही मशीननी सांगितलं की थांबू नका.

मला राग आला, आणि हर्षल चुकीचा नव्हता हे कळल्यावर जास्तच आला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तो म्हणाला, "अक्का, उद्या ते वाटू नको." एवढंच बोलून गेला.

मी पत्रकं घरीच ठेवून मेळाव्याला गेले. शाळेच्या पटांगणात शंभरेक माणसं बसली होती, बायका एका बाजूला. मी उभी राहून सांगितलं की जो आकडा द्यायला आले होते तो चुकीचा निघाला, नवा आकडा मी अजून स्वतः तपासलेला नाही, म्हणून आज माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. आयोजकांची तोंडं पाहण्यासारखी झाली. पहिल्या रांगेत एक म्हातारे शेतकरी होते, ते म्हणाले, "बरं व्हयनं बाई, आधीच सांगं. आम्ही आमना अंदाजे पेरसूत." लोक हसले. मीही हसले, आणि परतीच्या जीपमध्ये, सगळ्यांदेखत, रडले.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी त्याच्याशी बोलले नाही. कारण विचाराल तर सांगता येत नाही. त्याच्यामुळे माझी मुदत हुकली, सरांना पत्र लिहावं लागलं, सगळं नव्याने करावं लागलं, हे खरं आहे. पण त्याहून, तो माझं मन मोडायला नको म्हणून खोक्यात मशीन भरून देतो आणि मग पाच महिने त्याच्या जिवाला चैन पडत नाही, हे मला सहन होत नव्हतं. घाई माझी होती. तळमळ त्याने सोसली.

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेच्या दिवशी मी बाहेर आले तर व्हरांड्यात हा उभा. आमंत्रण नव्हतं. आत दीड तास प्रश्न झाले होते. त्याने अभिनंदनही केलं नाही, पहिलं वाक्य, "विचारलं का?"

"काय?"

"कॉम्प्युटरने बरोबर मोजलं हे कशावरून, असं कुणी विचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. मी तसं सांगितलं. त्याचा चेहरा असा पडला की मला हसू आलं, आणि मग तोही हसायला लागला. येणारे-जाणारे वळून पाहत होते. त्या दिवशी आम्ही तिथल्याच टपरीवर मिसळ खाल्ली आणि तो पूर्ण वेळ उभाच होता.

पुढची वर्षं चांगली गेली. पण यंदाच्या फेब्रुवारीतली एक गोष्ट मला बसू देत नाही. फोनवर तो म्हणाला होता, "हल्ली थकायला होतंय, अक्का." मी म्हटलं, "अरे, आराम कर दोन दिवस." आणि बोलणं पुतणीच्या लग्नावर गेलं. दोन दिवसांनी विचारलं तर म्हणाला, बरं आहे आता. मी म्हटलं, छान. किती वेळ, हे मी विचारलं नाही. ज्या एका माणसाला ते विचारायला हवं होतं त्याला आमच्या घरात कुणीच विचारलं नाही, कारण तो प्रश्न त्याचा होता आणि आम्ही त्यावर हसत आलो होतो. डॉक्टर म्हणाले, तेव्हा कळलं असतं तरी फार फरक पडला नसता. पडला नसता असं वाटतं, म्हणाले. मी ते वाक्य रोज उलटसुलट करते.

तेराव्यानंतर वैशाली आणि मी दुकान उघडायला गेलो. शटर वर केलं आणि वाफ अंगावर आली. आत पंख्यांची घरघर चालू होती. मागच्या टेबलावर एक मशीन सुरू होतं, पडद्यावर आकडे पळत होते. दवाखान्यात जायच्या आधी त्याने चाचणी लावली होती आणि वैशालीला बजावलं होतं की इन्व्हर्टरकडे लक्ष दे, याला हात लावू नको. गेल्या महिन्याभरात दोनदा लाईट गेली, दोन्ही वेळा इन्व्हर्टरने निभावलं. कॅबिनेटवर चिठ्ठी चिकटवलेली, त्याच्या तिरक्या अक्षरात फैजपूरच्या कविता मॅडमचं नाव आणि नंबर. या बाई घरांचे नकाशे आणि चित्रं करून देतात. वैशाली म्हणाली, "त्यांचं काम खोळंबलं असेल. बोलवून देऊन टाकू." मलाही तेच वाटलं. खरं सांगायचं तर मला ती घरघर थांबायला हवी होती.

कविता मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. चाळिशीच्या, घामाने भिजत स्कूटरवरून आलेल्या. आम्ही म्हटलं, घेऊन जा. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "भाऊंचा दवाखान्यातून फोन आला होता मला. म्हणाले, एप्रिलपर्यंत ठीक आहे, पण मे बघू द्या. कूलर लावायचा नाही, दुकानातल्या उकाड्यात मे निघाला तरच न्या." मग म्हणाल्या, "मी न्यायला नाही आले, वहिनी. अजून चालू आहे का तेवढं बघायला आले. माझं जुन्यावर भागतंय."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं.  पंधरा दिवस मागितले असताना तिसऱ्या दिवशी मशीन उचलून नेलेली बाई मी.

मे संपायला आता चार दिवस आहेत. वैशाली रोज दुपारी दुकान उघडते. आत बसवत नाही म्हणून बाहेर पायरीवर सावलीत खुर्ची टाकते आणि दर तासाला आत जाऊन पाहून येते. या बाईने आयुष्यात कधी कीबोर्डला हात लावला नव्हता. तिचा मेसेज येईपर्यंत माझं कशातच लक्ष लागत नाही, पेपर तपासायचे पडलेत, घरात फेऱ्या मारते. आजचा आत्ताच आला आहे. "पंचेचाळीस डिग्री. चूक शून्य. अक्का, एक पंखा मघापासून वेगळाच वाजतोय, मी जवळ बसून ऐकते."